आरोपपत्रातून पडद्यावर : १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट आणि ‘ब्लॅक फ्रायडे’

१२ मार्च १९९३ हा शुक्रवार होता आणि रमजानचा महिना चालू होता. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला. पुढील दोन-अडीच तासांत नरसी नाथा स्ट्रीट, एअर इंडियाची इमारत, शिवसेना भवनालगतचा पेट्रोल पंप, वरळीचे सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, वांद्र्याचे सी रॉक आणि दोन सेंटॉर हॉटेले अशी स्फोटांची मालिका शहराच्या दक्षिण टोकापासून उपनगरांपर्यंत पसरत गेली. माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर आणि सहार विमानतळावर हातबॉम्ब फेकले गेले. सरकारी नोंदीप्रमाणे २५७ माणसे मरण पावली व सातशेहून अधिक जखमी झाली. मरणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. त्यासाठी वापरलेले आरडीएक्स त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या बाजूस दिघी आणि शेखाडी येथे उतरवण्यात आले होते आणि ते उतरू देण्यात सीमाशुल्क खात्यातील व पोलिसांतील काही लाचखोरांचा हात होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

या घटनेवर पत्रकार एस. हुसेन झैदी यांनी लिहिलेले ‘ब्लॅक फ्रायडे’ हे इंग्रजी पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नावाचा अनुराग कश्यप दिग्दर्शित हिंदी चित्रपट २००४ मध्ये लोकार्नो महोत्सवात दाखवला गेला. प्रत्यक्ष घडलेला हल्ला, खरी नावे, खऱ्या तारखा आणि खरी स्थळे घेऊन इतक्या तपशिलाने उभा केलेला असा चित्रपट हिंदीत त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्याच्या कलागुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळा आहे. पडद्यावर जे दिसते ते कोणत्या दप्तरातून आले, आणि जे दिसत नाही त्याचे दप्तर कोठे पडून राहिले, हा तो प्रश्न होय.

चित्रपटाचे मुख्य दप्तर म्हणजे पोलीस तपास. ४ नोव्हेंबर १९९३ रोजी दाखल झालेले आरोपपत्र दहा हजारांहून अधिक पानांचे होते व त्यात १८९ आरोपींची नावे होती. खटला ‘टाडा’ कायद्याखाली चालला. या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाई. साक्षीपुराव्याच्या सर्वसाधारण कायद्यात पोलिसांसमोरील कबुलीला अशी किंमत नाही, आणि तशी ती नसण्यामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे. टाडाने तो अनुभव बाजूला ठेवला. याचा एक परिणाम असा झाला, की कट कसा रचला गेला, कोण कोणास कोठे भेटले, दुबईत काय बोलणे झाले, गाड्यांत स्फोटके कोणी भरली, याची सलग, संवादांसह, प्रथमपुरुषी कथा तयार स्वरूपात उपलब्ध झाली. पटकथाकाराला याहून अधिक काय हवे? बहुतेक आरोपींनी हे जबाब न्यायालयात नाकारले होते. पण नाकारण्याला कथानक नसते, कबुलीला असते.

चित्रपट सुरू होतो तो ९ मार्च १९९३ पासून. दंगलीच्या संदर्भात ताब्यात घेतलेला एक किरकोळ गुंड पोलीस ठाण्यात सांगतो, की शहरात मोठे स्फोट होणार आहेत. त्याचे कोणी ऐकत नाही. तीन दिवसांनी शेअर बाजार हादरतो. त्यानंतर पोलीस उपायुक्त राकेश मारिया (के. के. मेनन) यांच्या तपासाच्या अंगाने कथा पुढे जाते. धारावीच्या गल्ल्यांतून एका आरोपीचा पाठलाग होतो, तो या चित्रपटाचा सर्वांत गाजलेला भाग आहे. पळणारा आणि पकडणारे दोघेही धापा टाकतात, थांबतात, पुन्हा धावतात. यात शौर्य कोणाचेच नाही. दुसरीकडे बादशहा खान (आदित्य श्रीवास्तव) हा टायगर मेमनचा माणूस गावोगाव लपत फिरतो. परदेशी जाण्याचा पासपोर्ट नष्ट केला जातो, कबूल केलेले पैसे येत नाहीत, आणि ज्यांनी जिहादची भाषा केली ते दुबईत सुरक्षित बसले आहेत हे त्याला हळूहळू उमगत जाते. मारियाच्या तोंडी याच अर्थाचे बोल आहेत : धर्माच्या नावावर तुला कोणीतरी वापरून घेतले.

हा चित्रपट पोलिसांच्या कागदांवर उभा असला तरी तो पोलिसांची जाहिरात होत नाही, आणि हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. कोठडीतील मारहाण त्यात लपवलेली नाही. फरारी आरोपींच्या घरच्या माणसांना, बायकांनाही, पोलीस ठाण्यात आणून बसवले जाते व त्यांना कशी वागणूक मिळते हे प्रेक्षकाला पाहावे लागते. म्हणजे ज्या कबुलीजबाबांच्या आधारे चित्रपट कटाची कथा सांगतो, ते कसे मिळवले गेले हेही तोच सांगतो. आपल्याच साधनाविषयी अशी शंका उपस्थित करण्याचे धैर्य पुष्कळ इतिहासग्रंथांतही आढळत नाही. मात्र शंका उपस्थित करून चित्रपट तेथेच थांबतो. मारहाणीतून आलेली कथा पुढे खरी मानूनच दाखवली जाते, आणि प्रेक्षक दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवू शकेल असे गृहीत धरले जाते. तसे बहुधा होत नाही. डोळ्यांना जे दिसले ते घडले, असाच पडद्याचा नियम आहे.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. स्फोटानंतरचे जे दाखवले आहे ते तपासाचे आहे, मृतांच्या घरांचे नाही. २५७ पैकी एकाही माणसाचे आयुष्य प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही. आरोपपत्रात मृत हे परिशिष्टातील यादी असतात आणि चित्रपटातही त्यांना जवळजवळ तेवढीच जागा मिळाली आहे.

कथेचा क्रम हा या चित्रपटातील विशेष विचार करण्याजोगा भाग होय. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत मुंबईत दंगली झाल्या. कालक्रमाने पाहता हे सर्व स्फोटांच्या आधीचे. चित्रपटात ते जवळजवळ शेवटी येते. आधी स्फोट, मग तपास, मग पळापळ, आणि प्रेक्षकाच्या मनात आरोपींविषयीचे मत पक्के झाल्यावर दंगलीची दृश्ये व माहीममधील टायगर मेमनचे जळालेले कार्यालय. या मांडणीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येतो. दंगली शेवटी दाखवून स्फोटांचे समर्थन केले, असे कोणी म्हणेल. कारण शेवटी ढकलून त्याचे वजन कमी केले, असे दुसरा म्हणेल. खरे पाहता हा क्रमसुद्धा दप्तराचाच आहे. तपास अधिकारी परिणामाकडून कारणाकडे जातो, आणि चित्रपट त्याच्या मागे जातो.

कारण व समर्थन यांतील हा फरक चित्रपटापूर्वीच एका न्यायाधीशांनी स्पष्टपणे मांडला होता. २५ जानेवारी १९९३ रोजी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईतील २६ पोलीस ठाण्यांच्या हद्दींतील घटनांची चौकशी केली व ५०२ साक्षीदार तपासले. जानेवारी १९९६ मध्ये युती शासनाने आयोग गुंडाळला. मे १९९६ मध्ये तो पुन्हा नेमला गेला, त्या वेळी स्फोटांचा विषयही त्याच्या कक्षेत घालण्यात आला. यामागचा राजकीय हेतू काहीही असो, त्यामुळे दंगल आणि स्फोट यांचा संबंध अधिकृतपणे तपासला गेला. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झालेल्या व ऑगस्टमध्ये विधिमंडळापुढे ठेवलेल्या अहवालाने दंगलींतील मृतांची संख्या ९०० अशी दिली. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले व ५ इतर. स्फोटांमागे दाऊद इब्राहिम, टायगर मेमन व पाकिस्तानी मदत यांचा कट असल्याचे नमूद करून दंगली या स्फोटांना कारणीभूत ठरल्या असे दिसते, असाही निष्कर्ष अहवालाने काढला. टायगर मेमनचे दंगलीत नुकसान झाले होते व सूडाचा हेतू त्याला होता, आणि संतापलेल्या, हताश तरुणांतून कटवाल्यांना माणसे मिळाली, असे त्याचे विवेचन आहे. तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या शासनाने अहवाल एकतर्फी व हिंदूविरोधी ठरवून फेटाळला. आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात, त्यामुळे त्यात कायद्याची अडचण आली नाही.

क्रमाच्या या प्रश्नावर चित्रपटाच्या इतिहासातील दुसरे मोठे उदाहरण अल्जीरियाचे आहे. जिलो पोंतेकोर्वो यांचा ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ १९६६ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. ३० सप्टेंबर १९५६ रोजी अल्जिअर्समधील युरोपीय वस्तीच्या उपाहारगृहांत ठेवलेले बॉम्ब त्यात आहेत. बॉम्ब ठेवणारी तरुणी तेथे बसलेल्या माणसांचे, एका लहान मुलाचेही, चेहरे पाहते आणि कॅमेराही ते टाळत नाही. पण त्याआधी कसबाच्या वस्तीत रात्री युरोपीयांनी घडवलेला १० ऑगस्ट १९५६ चा स्फोट प्रेक्षकाने पाहिलेला असतो. दोन्हीकडच्या मृतांसाठी एकच शोकसंगीत वाजते. येथे कालक्रम सरळ आहे, कारण दप्तर वेगळे आहे. चित्रपटाचा आधार म्हणजे बंडखोरांचा म्होरक्या यासेफ सादी यांच्या आठवणी, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच सादींनी चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेऊन त्यात भूमिकाही केली. जिंकलेल्या बाजूला आपल्या हातचे बॉम्ब दाखवण्याची मुभा असते. मुंबईच्या कटाचा अशा कोणत्याही स्वातंत्र्यलढ्याशी संबंध जोडता येणार नाही. तुलना फक्त साधनांची आहे.

‘ब्लॅक फ्रायडे’ २८ जानेवारी २००५ रोजी देशात प्रदर्शित व्हायचा होता. खटल्यातील काही आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागण्यापूर्वीच आपल्याला दोषी म्हणून दाखवले जात आहे आणि चित्रपट स्वतःला सत्यकथा म्हणवतो, हे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते लगेच खुले केले नाही. चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोचला तो ९ फेब्रुवारी २००७ रोजी. पुस्तक मात्र तीन वर्षे दुकानांत विकले जात होते. छापील शब्द व चित्रपट यांना वेगळा न्याय का, याचे उत्तर १९७० च्या एका निकालात सापडते. मौलाना हालींच्या घराण्यातील लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटावरील सेन्सॉरच्या कात्रीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. नागपूरच्या न्यायपरंपरेत घडलेले सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी त्या निकालात चित्रपटाचा मनावरील परिणाम इतर माध्यमांहून तीव्र असतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असे ठरवले. अब्बास तो मुद्दा हरले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांना २००५ ची स्थगिती खटकली आणि ते समजण्याजोगे आहे. पण नंतरचे आकडे पाहता आरोपींची भीती पोकळ नव्हती असे म्हणावे लागते. न्या. पी. डी. कोदे यांच्या विशेष न्यायालयाने १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास सुरुवात केली. खटला चाललेल्या १२३ जणांपैकी १०० दोषी ठरले व २३ निर्दोष सुटले. पहिल्याच दिवशी मेमन कुटुंबातील चौघे दोषी आणि तिघे निर्दोष ठरले. चित्रपट २००४ मध्ये पुरा झाला, तेव्हा यांतील कोणाचे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. बारा-तेरा वर्षे तुरुंगात किंवा जामिनावर काढलेल्या त्या तेवीस माणसांच्या दृष्टीने दोन वर्षांचा विलंब ही मोठी किंमत नव्हती. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याकूब मेमनची फाशी कायम केली व इतर दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात याकूबला फाशी झाली. त्याच्या थोडे आधी, गुप्तचर खात्यातील दिवंगत अधिकारी बी. रामन यांचा २००७ मध्ये लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला. याकूबने तपासाला केलेल्या साहाय्याचा विचार शिक्षेच्या वेळी व्हायला हवा होता, असे त्यांचे मत होते. चित्रपटात याकूबला (इम्तियाझ अली) थोडा वेळ आपली बाजू मांडू दिली आहे. पडद्यावरचा तो तुकडा आज पाहताना वेगळा भासतो.

आता दुसऱ्या दप्तराकडे वळू. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल व त्यामागील हजारो पाने साक्षीपुरावा हे कमी दर्जाचे साधन नाही. पण त्यावरून ‘ब्लॅक फ्रायडे’च्या तोडीचा, खऱ्या नावांचा कथाचित्रपट झालेला नाही. मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ (१९९५), सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’ (१९९५), महेश भट्ट यांचा ‘जख्म’ (१९९८) हे चित्रपट त्या काळाविषयीचे आहेत, परंतु तिन्ही काल्पनिक कुटुंबांच्या कथा. ‘नसीम’मधील आजोबांची कैफी आझमी यांनी केलेली भूमिका विसरता येत नाही, पण ती कथा ६ डिसेंबरलाच थांबते. ‘बॉम्बे’मधील राजकीय नेत्याच्या पात्रावरून शिवसेनाप्रमुखांची हरकत निघाली आणि काही मुस्लिम संघटनांनीही चित्रपटाविरुद्ध आवाज उठवला. खऱ्या नावांचे धाडस त्या काळी माहितीपटांनीच केले. मधुश्री दत्ता यांचा ‘आय लिव्ह इन बेहरामपाडा’ (१९९३) हे त्याचे उदाहरण, पण असे माहितीपट चित्रपटगृहांत पोचत नाहीत. स्फोटांना पडद्यावर खरी नावे मिळाली, दंगलींना बनावट नावांवर भागवावे लागले.

यामागे निर्मात्यांची भीती होती, हे खरे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. आरोपपत्रात नाव असलेल्या माणसाला पडद्यावर आणताना निर्मात्याच्या पाठीशी न्यायालयीन कागद असतो. आयोगाने ज्याच्यावर ठपका ठेवला, पण ज्याच्यावर खटलाच झाला नाही, त्याचे नाव घेतल्यास अब्रुनुकसानीचा दावा निर्मात्यावर येतो. शिवाय आयोगाच्या अहवालाची रचना पोलीस ठाण्यागणिक आहे. त्यात नायक नाही, पाठलाग नाही, कबुली तर नाहीच. दंगलींच्या दोन हजारांहून अधिक गुन्ह्यांपैकी तेराशेंहून अधिक गुन्हे ‘ए समरी’ करून, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडले नाहीत असे लिहून, पोलिसांनी बंद केले. ज्या गुन्ह्याला आरोपीच सापडला नाही त्याची पटकथा कोण लिहिणार? ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंगलींसंबंधी निकाल दिला, तेव्हाही ९७ प्रकरणे सुप्त नोंदीत पडलेली होती आणि बेपत्ता १६८ जणांपैकी बहुतेकांच्या वारसांना भरपाई मिळालेली नव्हती.

पुढील काळात तिसऱ्या प्रकारचे दप्तर पडद्यावर आले, ते बचाव पक्षाचे. हंसल मेहता यांचा ‘शाहिद’ (भारतात प्रदर्शन ऑक्टोबर २०१३) हा वकील शाहिद आझमी यांच्या जीवनावर आहे आणि त्याची सुरुवात १९९२-९३ च्या दंगलीपासून होते. आझमींनी ऐन तारुण्यात टाडाखाली तुरुंगवास भोगला, तुरुंगात शिक्षण चालू ठेवले आणि सुटकेनंतर वकिली पत्करून दहशतवादाच्या खटल्यांत अडकवलेल्यांची बाजू मांडली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांची हत्या झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात ज्या भारतीय आरोपीचा बचाव ते करीत होते, तो ३ मे २०१० रोजी निर्दोष ठरला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो निर्णय टिकला. या चित्रपटात नाट्य घडते ते उलटतपासणीत. कबुलीच्या जागी येथे साक्षीतील विसंगती आहे, आणि तिच्यातूनही कथानक उभे राहू शकते हे मेहतांनी दाखवून दिले.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. या खटल्यातील तेरा आरोपींपैकी शालेय शिक्षक अब्दुल वाहिद शेख हे एकटेच सप्टेंबर २०१५ मध्ये, नऊ वर्षांच्या कैदेनंतर, निर्दोष सुटले. ‘बेगुनाह कैदी’ हे त्यांचे आत्मकथन. त्यांच्या अनुभवावर सुदर्शन गमरे यांनी ‘हेमोलिम्फ’ हा चित्रपट केला व तो मे २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात पोलिसी छळाची दृश्ये कथेच्या मध्यभागी आहेत. ‘ब्लॅक फ्रायडे’त जे कडेला होते ते येथे मुख्य झाले. चित्रपट झाला तेव्हा उरलेले बाराजण कायद्याने दोषी होते, त्यांतले पाच फाशीचे. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. मोक्का कायद्याखाली, टाडाप्रमाणेच पोलीस अधिकाऱ्यांसमोर नोंदवलेले कबुलीजबाब न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाहीत. राज्य शासन अपिलात गेले. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरला जाऊ नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. त्या बारांपैकी सुटलेले अकराच होते. बारावा २०२१ मध्ये नागपूर कारागृहात करोनाने वारला होता.